बाळनोंदीचं दहावं

करंजधारच्या उपकेंद्रातल्या कॉम्प्युटरमध्ये सोमवारी दुपारी नवीन सॉफ्टवेअर बसवलं, त्यासाठी जुनं काढलं, आणि जुनं गेल्यामुळं कॉम्प्युटरला सुतक लागलं. पाटोळे सिस्टरांनी नेहमीसारखं आपलं नाव आणि पासवर्ड टाकला, तर पडद्यावर आलं, 'सुतक आहे. दहाव्यानंतर लॉगिन करावे.' सिस्टरांनी चष्मा पुसला, मोठ्या अक्षरांचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते बघितलं आणि पासवर्ड पुन्हा टाकला. पासवर्ड बरोबर होता. सुतकही बरोबरच होतं, कारण जुनं सॉफ्टवेअर जाऊन तेव्हा अर्धा तासही झाला नव्हता.

मोनाली खटके समोरच्या बाकावर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर वर्षाची, नाव स्वरांजली, आणि तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. दूध ओढताना तिला धाप लागायची, रडली की ओठ जांभळे पडायचे. मोनालीला सवयच लागली होती, काहीही करता करता पोरीची नखं बघायची. भाकरी थापताना बघायची, धुणं वाळत घालताना बघायची. गुलाबी असली तर पुढचं काम, निळी असली तर हातातलं टाकून पोरीला छातीशी उभी धरायची. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांच्या काळजाचे मोठे डॉक्टर येणार होते. ज्या मुलांची फाईल गावच्या कॉम्प्युटरवरून पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत जाईल, तेवढ्यांचीच ऑपरेशनं ते करणार होते. नंतर ते परत कधी येतील, हे कुणी सांगत नव्हतं.

दहावं कधी येतंय, असं मोनालीनं विचारलं. सिस्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. ते बुधवारीच येत होतं. सकाळी नदीवर उरकलं की दुपारी लॉगिन होईल आणि लगेच फाईल पाठवू, असं सिस्टर म्हणाल्या. मोनालीनं मान हलवली, पण ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते काम शेवटच्या दिवसावर आलं की तिला अन्न गोड लागत नसे.

जुन्या सॉफ्टवेअरचं नाव बाळनोंद. बारा वर्षांपूर्वी ते गावात आलं आणि तेव्हापासून करंजधारला जन्मलेलं प्रत्येक मूल त्याच्यात होतं. बायका त्याला बाईमाणूस समजूनच बोलायच्या. कुणाला कुठली लस राहिली, कुणाचं वजन घटलं, कुणाची आई तारीख चुकवून खुरपायला गेली, सगळं तिला ठाऊक. तारीख चुकली की ती त्या मुलाचं नाव लाल करून ठेवायची, आणि बायका एकमेकींना सांगायच्या, जा बाई, तुझ्यावर रागावलीय ती. अलीकडं म्हातारी झाली होती. एक पान उघडायचं तर मधल्या वेळात चहा होऊन गाळून व्हायचा. पण विसरली म्हणून कधी काही नाही.

त्यामुळं सोमवारी संध्याकाळपासूनच माणसं बसायला येऊ लागली. चटईवर बसायची, कॉम्प्युटरकडं बघायची आणि निदान हाल न होता गेली, असं म्हणायची. सॉफ्टवेअर बसवायला आलेला कंपनीचा इंजिनियर, कौस्तुभ नावाचा सडपातळ मुलगा, सुतक फिटेपर्यंत गावातच थांबला होता. तोही येणाऱ्याला सांगायचा की शेवटी काही त्रास झाला नाही, एक बटण दाबलं आणि गेली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कुणी भाकरी-पिठलं आणून ठेवलं. उपकेंद्रात चूल नव्हतीच, असं सिस्टरांनी सांगून बघितलं, मग त्यांनी आणि कौस्तुभनं ते खाल्लं. कुणी कीबोर्डवर कडुलिंबाची डहाळी ठेवली. मोनालीच्या सासूनं, हौसाबाईंनी, टेबलावर ताटात पीठ पसरलं आणि शेजारी पणती लावली. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठात उमटतं. सकाळी बघितलं तर पिठात माऊसचा बाण उमटला होता. सगळ्यांनी हात जोडले. बाणाचं तोंड नक्की कुठल्या दिशेला, यावर थोडा वाद झाला आणि मिटला.

मोनालीला धीर निघेना. ती पोरीला घेऊन एसटीनं शेजारच्या पिंपरणीला गेली. तिथल्या कॉम्प्युटरला सुतक नव्हतं. तिथला माणूस भला होता, त्यानं लगेच स्वरांजलीचं नाव टाकून बघितलं. कॉम्प्युटर म्हणाला, 'सुतकी घरचे नाव स्वीकारता येत नाही.' माणसाला वाईट वाटलं. त्यानं पोरीला पाणी पाजायला सांगितलं आणि तुमच्याकडचं फिटल्यावर या, असं म्हणून त्यांना दारापर्यंत सोडायला आला, पण त्यांच्या अंगाला अंग लागू दिलं नाही.

दोन दिवसांनी पडद्यावर सुतकाच्या खाली आणखी एक ओळ आली. 'वारस: स्वरांजली तानाजी खटके. पिंड वारसाच्या हातचे.'

कौस्तुभनं त्याचा खुलासा केला. बापाचं थोरल्यानं करायचं आणि आईचं धाकट्यानं, ही रीत. बाळनोंदीनं आपलं आपण स्वतःला आईत धरलं होतं. गेलं वर्षभर नव्या बाळांची नावं जुन्यात घ्यायची नाहीत असा वरून हुकूम होता, म्हणून तिच्यात सगळ्यात शेवटी आलेलं लेकरू स्वरांजलीच. मोनालीनं विचारलं, दुसरा कुणी वारस लावता येतो का. त्यानं माऊस फिरवून बघितला.

"तो पर्याय फिकट झालेला आहे, ताई," तो म्हणाला. "दाबला जात नाही."

बातमी गावात फिरली. घोडके आप्पा उपकेंद्रात येऊन म्हणाले की पोरीच्या जातीनं पिंड दिलेले चालत नाहीत. सिस्टर सुया मोजत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "तुमचं नाव असतं तर तुम्हालाच बसवलं असतं, आप्पा. पण तुम्ही टोचून घ्यायला कधी आलाच न्हाई," असं त्या म्हणाल्या. आप्पा थोडा वेळ बसले आणि गेले.

हौसाबाई मात्र चारचौघांत काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर भांडी घासता घासता म्हणाल्या, "जित्या आईच्या पोरीनं आईचं पिंड द्यायचं म्हंजे काय गं? तू कोण मग तिची?"

 हाच प्रश्न मोनालीच्या मनातही सकाळपासून घुमत होता. तानाजी, तिचा नवरा, दूर कुठं बोगद्याच्या कामावर पोकलेन चालवायचा. त्याचा फोन लागला तेव्हा त्याला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, फाईल जायला लागतंय तेवढं कर, बाकी मनाला लावून घेऊ नको. त्याचं हे नेहमीचं होतं. मनाला लावून घ्यायचं काम त्यानं मोनालीवर सोपवलं होतं.

कॉम्प्युटरच्या डब्यावर मदतीचा नंबर चिकटवलेला होता. दहाव्याच्या आदल्या दिवशी मोनालीनं तो लावला. पलीकडच्या बाईनं क्रमानं विचारलं. वायर नीट बसली आहे का. बंद करून पुन्हा चालू केलं का. पासवर्ड नुकताच बदलला होता का. सुतक सख्खं आहे की चुलत. मोनालीनं एकेकाचं उत्तर दिलं. मग बाई म्हणाली की पिंडाला कावळा शिवला की लॉगिन आपोआप सुरू होईल, वेगळं काही करावं लागणार नाही. नाहीच शिवला तर, असं मोनालीनं विचारलं. तर गेलेल्याची काय इच्छा राहिली ते बघावं आणि तसा शब्द द्यावा, असं बाईनं सांगितलं. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून शिवता येतो, पण दर्भाच्या कावळ्यावर फक्त बघण्यापुरतं लॉगिन मिळतं, फाईल पाठवता येत नाही. आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारून तिनं फोन केल्याबद्दल मोनालीचे आभार मानले.

बुधवारी सकाळी सगळे नदीवर गेले. कौस्तुभनं जुनी डिस्क लाल फडक्यात बांधून आणली होती, तिला पाण्यात सोडण्यापूर्वी त्यानं चप्पल काढली. विधी सांगायला जोशीकाका होते. दर्भाची अंगठी स्वरांजलीच्या बोटातून निसटायला लागली, तेव्हा त्यांनी ती दोऱ्यानं मनगटाला बांधली. मोनाली पोरीला मांडीवर घेऊन बसली. तिची इवलीशी मूठ आपल्या मुठीत धरून तिनं भाताचे पिंड वळले, त्यांवर तीळ घातले, पाणी सोडलं. मंत्र म्हणताना काकांनी 'माता' असा शब्द उच्चारला, तेव्हा मोनालीनं पोरीला जरा जास्तच आवळून धरलं. पोरीला त्यातलं काही नव्हतं. ती भात तोंडात घालू बघत होती आणि मोनाली तिचा हात मागं ओढत होती.

पिंड पत्रावळीवर ठेवून सगळे मागं सरले. पंपघराच्या पाईपवर एक कावळा बसलेला होता. त्यानं पिंडांकडं एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

शब्द द्यायला सुरुवात झाली. सिस्टर पुढं होऊन म्हणाल्या, जी नावं तू लाल ठेवून गेलीस, त्यांना मी घरी जाऊन टोचीन, एकालाही सोडणार नाही. कावळा हलला नाही. सरपंच म्हणाले की वीज गेल्यावर तुझे फार हाल झाले, आता बॅटरी बसवून घेतो. कावळ्यानं चोच पाईपला घासली. बायकांनी सांगितलं की आम्ही तारखा पाळू. आप्पासुद्धा लांबून म्हणाले, मीही टोचून घेतो. कावळा बसला होता तिथंच बसला. ऊन डोक्यावर आलं आणि कलायलाही लागलं. स्वरांजली मांडीवर झोपली. तिची नखं काल होती त्याहून निळी होती, आणि मोनालीला उगाचच वाटलं की पिंड दिल्यामुळं तर नाही ना.

जोशीकाका दर्भाची जुडी सोडू लागले. मोनाली म्हणाली, काका, एवढ्यात नको. तिचा आवाज असा निघाला की काकांनी जुडी खाली ठेवली.

कौस्तुभ एका दगडावर लॅपटॉप मांडून बसला होता. बराच वेळ त्यानं वरखाली करून काहीतरी वाचलं. मग तो उठून सिस्टरांजवळ आला.

"बाळनोंदीची जायची तयारी आहे," तो म्हणाला. "पण तिचे हात मोकळे नाहीत. नव्याकडे फक्त जिवंत मुलं गेली. जी मुलं वारली ती नव्यात घेत नाहीत, जागा जाते म्हणून. ती हिच्याजवळच राहिलीत. कडेवर पोरं घेऊन ती न विचारता कशी जाईल? त्यांच्या आयांनी ने म्हणायला पाहिजे. एकेकीनं."

सिस्टरांना लॅपटॉपमध्ये बघावं लागलं नाही. कोण कोण ते त्यांना पाठ होतं. त्यांनी निरोप धाडले, आणि बायका असतील तशा आल्या.

शेवंता कांदे काढता काढता आली, हाताला माती तशीच. तिचा मुलगा दोन वर्षांचा होऊन तापानं गेला होता. असता तर यंदा पाचवीला असता. ती पत्रावळीपाशी उकिडवी बसली आणि शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, त्याला कुत्र्याचं भ्या वाटतंय, कुत्रं दिसलं की उचलून घेत जा. मग म्हणाली, ने. आणि कांदे उन्हात पडलेत म्हणून परत गेली. जाताना मागं बघितलं नाही, पण बांधाची वाट सोडून भलतीकडंच चालू लागली, तेव्हा कुणीतरी तिला हाक मारून वाटेला लावलं.

शमीमनं आधी जोशीकाकांना विचारलं की आमच्यात पिंड नसतात, माझी पोर मातीत आहे, तर मी बोललं तर चालेल का. काकांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की कावळ्याचं त्यात काही नसतं. शमीम एवढंच बोलली की ती एकटी झोपत नाही, आणि मग ने म्हणाली. एकीची सून मूल गेल्यावर दुसरं लग्न करून दूर गेली होती. तिला फोन लावला आणि फोन कावळ्याच्या दिशेनं धरला. आधी त्यातून कुकरच्या शिट्ट्या आल्या. मग दार लावल्याचा आवाज आला. मग अगदी हळू कुणीतरी ने म्हणालं, आणि फोन बंद झाला. आणखीही बायका आल्या. कुणी खूप बोलल्या, कुणाला एक शब्दच जड गेला.

दर वेळी कावळा थोडा जवळ आला. पाईपवरून भिंतीवर, भिंतीवरून बाभळीच्या खुंटावर. मग पत्रावळीपासून हातभर अंतरावर वाळूत उतरला आणि थांबला.

"एक राहिलंय," कौस्तुभ म्हणाला. त्यानं कुणाकडं बघितलं नाही.

सिस्टरांनीही बघितलं नाही. मोनालीनं पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. ते सारखंच होतं.

स्वरांजलीच्या आधी मोनालीला मुलगा झाला होता. दिवस भरायच्या कितीतरी आधी झाला, काचेच्या पेटीत ठेवला, आणि पेटीतूनच गेला. तिला त्याला मांडीवर घ्यायला मिळालं ते गेल्यावरच. बारसं झालं नव्हतं. घरी आल्यावर हौसाबाई म्हणाल्या होत्या की तो आलाच नाही असं समज, म्हणजे पुढचं नीट होईल. तेव्हापासून घरात त्याचं कुणी काढलं नाही. स्वरांजलीच्या बारशाला आलेल्या बायकांनी पहिली बेटी धनाची पेटी म्हटलं, तेव्हा मोनाली हसली होती. तो होता तो एकट्या बाळनोंदीत. 'बेबी ऑफ मोनाली', पुढं मुलगा, पुढं वजन. लस द्यायच्या दिवशी खोली रिकामी झाली की सिस्टर न सांगता पडदा तिच्याकडं वळवायच्या. मोनालीची शाळा सातवीपर्यंतची, तिला ती ओळ वाचायला काही वेळ लागायचा नाही, तरी ती एकेक अक्षर सावकाश वाचायची. मग झालं म्हणायची, आणि सिस्टर पडदा परत वळवून घ्यायच्या.

आता तिनं कौस्तुभला विचारलं की त्या पानाचा कागद काढून मिळेल का. तो म्हणाला की प्रिंटरलाही सुतक आहे. मग तो माझ्यापाशीच राहू दे म्हटलं तर, असं तिनं विचारलं. कौस्तुभनं परत दगडापाशी जाऊन बघितलं. चांगला शोधून बघितलं, कारण त्यालाही तसं झालं तर हवं होतं.

"मग तीही इथंच राहील, ताई. आणि फाईल पण," तो म्हणाला. "दोन्ही होत नाही."

चार वाजून गेले होते. कुणी मोनालीला बोल म्हटलं नाही. मघा शब्द देताना जी माणसं एकमेकांच्या पुढं होत होती, ती आता नदीकडं बघत होती. आपण एवढ्या लोकांना खोळंबून ठेवलंय, पोर मांडीवर निळी पडत चाललीय, सगळं तिला कळत होतं. जीभच उचलत नव्हती. इथं एक लेकरू आहे आणि तिथं एक आहे, आणि दोघांची आई ती एकटीच, असं तिला वाटत होतं.

हौसाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत आल्या आणि सुनेला खेटून वाळूत बसल्या. 

"नाक तानाजीवानी व्हतं त्याचं," त्या म्हणाल्या.

मोनालीनं सासूकडं बघितलं. तिला वाटायचं की त्यांनी त्याला बघितलंच नाही.

"बघितलंत तुम्ही आत्या त्याला?"

"काचंतनं. तू झोपलीवतीस." हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि स्वरांजलीला आपल्या मांडीवर घ्यायला हात पुढं केले.

मोनालीनं पोरीला त्यांच्याकडं दिलं. ती पत्रावळीपाशी गेली आणि कावळ्यासमोर बसली. कामावर जाताना लेकरू कुणाच्या घरी ठेवताना बोलावं, तशी ती बोलली.

"त्याला दूध वढता येत न्हाई. बोंडल्यानं द्यावं लागतंय, थेंब थेंब. घाई केली की ठसका लागतो. थंडी सोसत न्हाई, कापसात ठेव. रडला तर आवाज येत न्हाई त्याचा, तवा बघत राहावं लागतंय, ऐकू येईल म्हणून बसू नको." ती थांबली. "नाव ठेवलेलं न्हाई. तू त्याला आतापातूर माझ्या नावानं हाक मारलीस, तशीच मारत जा. म्हंजे त्याला कळंल."

मग तिनं ने म्हटलं. ते जवळ उभ्या असलेल्या काकांनाही ऐकू आलं नाही.

कावळा दोन उड्या मारून पत्रावळीवर चढला आणि मधल्या पिंडाला शिवला. भाताचं एक शीत घेऊन तो नदीपलीकडं उडाला. जोशीकाका म्हणाले, शिवला. कौस्तुभचा लॅपटॉप एकदा वाजला. माणसं आंघोळीला पाण्यात उतरली.

सिस्टरांनी मोनालीला आणि पोरीला स्कूटीवर मागं घेतलं आणि त्या आंघोळीला न थांबताच उपकेंद्रात आल्या. कॉम्प्युटर उघडला होता. पासवर्ड एका फटक्यात घेतला. नवीन सॉफ्टवेअर फार झटपट होतं, पांढरंशुभ्र, कुठं एक लाल अक्षर नाही. बटण दाबायच्या आत पान उघडायचं. स्वरांजलीचं नाव आलं, तिच्या काळजाचे फोटो आले, जिल्ह्याच्या दवाखान्याचं नाव आलं. पाठवण्यापूर्वी त्यानं एक गोष्ट विचारली. 'मातेची यापूर्वीची अपत्ये: एकही नाही. बरोबर असल्यास मातेने अंगठा ठेवावा.'

सिस्टरांचा हात माऊसवर थांबला. त्यांनी पडदा मोनालीकडं वळवला. मोनालीनं ओळ वाचली. मग पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि काचेवर अंगठा ठेवला.

'अंगठा ओळखता आला नाही,' असं नवीन सॉफ्टवेअर म्हणालं. 'पुसून पुन्हा ठेवावा.'

अंगठ्याला पिंडाचा भात चिकटून वाळला होता. मोनालीनं तो पदरानं पुसला. सगळा निघाला नाही. एक तीळ रेषांत अडकून बसला होता, तो तिनं नखानं काढला आणि कुठं टाकावा ते न कळून मुठीत धरला. सिस्टरांनी वाटीत पाणी दिलं. तिनं अंगठा पाण्यात बुडवून चोळला, कोरडा केला आणि पुन्हा काचेवर ठेवला.

या वेळी नवीन सॉफ्टवेअरला तिचं म्हणणं पटलं, आणि फाईल गेली.